माझ्या तळाशी साचलेली माती

मित्रांनो, गेल्या वर्षापर्यंत मी एका गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव होतो. आज माझ्यात घोट्याभर पाणी आहे, आणि तेही ओसरायला लागलंय. ते पुरतं जायच्या आत माझी हकिगत तुम्हाला सांगून टाकतो. तिच्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. एक गाव आहे, एक डोंगर आहे आणि एक माणूस आहे. त्या माणसाने माझ्यावर मनापासून माया केली आणि त्याच मायेपोटी त्याच्या हातून माझा घात झाला.

नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला डोंगरांची रांग सुरू होते. तिच्या पायथ्याशी हेझल गॅप नावाचं दोन हजार वस्तीचं गाव आहे. १९३८ साली तिथल्या एका ओढ्याला मातीचा बांध घालून मला तयार केलं. देशात तेव्हा कामधंदा नव्हता. मिळेल त्या मजुरीवर लोक राबायला येत. खेचरांनी माती ओढली, माणसांनी ती थरावर थर ठोकून घट्ट केली. बांधाजवळ दगडी बुरूज उभा राहिला. त्या बुरुजातून माझं पाणी ओढून घेत, गाळून स्वच्छ करत आणि गावातल्या नळांना सोडत. बुरुजाला फुटांचे आकडे रंगवलेली एक उंच पट्टी ठोकली होती. मी काठोकाठ भरलो की पाणी बाविसाव्या आकड्याला टेकायचं.

त्याच वर्षी मोजणीवाल्यांनी एक तक्ता केला. पट्टीवर इतके फूट पाणी दिसलं तर गावाला ते इतके दिवस पुरेल, असा त्यात हिशोब मांडला होता. काचेच्या चौकटीत घालून तो तक्ता पाणी शुद्ध करायच्या खोलीत भिंतीवर लावला.

मला काम एकच होतं, गावाची तहान भागवणं. ते काम हातात असेपर्यंत मी तलाव. ते गेलं की मी नुसता खड्डा. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

१९७६ साली त्र्यंबक नावाचा एक तरुण इंजिनिअर माझ्याकडे नोकरीला आला. तो अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातला. शिकायला अमेरिकेत आलेला, नंतर इथेच राहिला. त्याच्या वर्गातले बाकीचे मोठ्या शहरांत गेले. याला मात्र डोंगर आणि पाणी आवडलं. पुढच्या वर्षी त्याने लग्न करून संध्याला आणलं. गावात मराठी बोलणारी माणसं तेवढी दोनच, तो आणि ती.

रोज सकाळी सात वाजता त्र्यंबक बांधावरून चालत यायचा, पट्टीवरचा आकडा पाहायचा आणि वहीत लिहायचा. बर्फ पडो, ताप असो, त्याने कधी खाडा केला नाही. माझ्याशी मराठीत बोलायचाही. "काय रे, एकवीसच? काल तर पाऊस झाला की." मला उत्तर देता येत नसे, पण ती भाषा मी त्याच्याकडूनच शिकलो.

संध्याचं तसं नव्हतं. मकरसंक्रांतीला ती तिळगूळ करायची आणि खिडकीशी बसून राहायची. शेजारच्या बाईला हळदीकुंकवाला बोलावलं तर ती केक घेऊन आली आणि कपाळाला हात लावू देईना. एकदा बांधावर फिरताना संध्या म्हणाली, "अहो, मी आता स्वप्नातसुद्धा इंग्रजी बोलायला लागलेय. कुणीतरी आपलं माणूस हवं हो इथे." मी ते ऐकून ठेवलं.

२००१ साली त्र्यंबकच्या डोक्यात एक कल्पना आली. सप्टेंबरातल्या विमानहल्ल्यांमुळे त्या वर्षीच्या शरद ऋतूत लोक विमानात बसायला धजत नव्हते, सुट्टीला कुठे जवळपास जाऊ म्हणत होते. तीन तासांवरच्या कॅरी शहरात पुण्या-मुंबईची, नागपूरची पुष्कळ मंडळी कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांत होती. त्र्यंबकने त्यांना फोन केले. "कार्तिक लागलाय. माझ्या तलावावर आवळीभोजन करू. या सगळे."

मित्रांनो, कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायची त्यांच्याकडे रीत आहे. पण माझ्या काठी आवळा कुठला? होते ओक आणि मेपल. तेव्हा संध्याने तोड काढली. तिने मोरावळ्याची बरणी दोरीने एका ओकच्या फांदीला टांगली आणि म्हणाली, "झाला हा आवळा. बसा आता पंगतीला."

सगळे खळखळून हसले आणि त्या ओकखाली सतरंज्या पसरून जेवायला बसले. झाडं लाल-पिवळी झाली होती आणि त्यांचं सगळं रूप माझ्या पाण्यात उतरलं होतं. देवदत्त नावाचा एक तरुण हातात पुरणपोळी घेऊन नुसता बघतच राहिला. त्याची बायको कादंबरी म्हणाली, "काका, किती पीसफुल आहे इथे! आमच्याकडे खिडकीतून फक्त पार्किंग लॉट दिसतो."

त्यांची सात वर्षांची रुचा पाण्याकडे धावली. त्र्यंबकने तिला दंडाला धरून थांबवलं.

"पाय घालायचा नाही हं. हे पिण्याचं पाणी आहे."

"बट इट्स जस्ट माय फीट, आजोबा!"

"जस्ट फीट असले तरी नाही. हात धुवायचे असतील तर तो तिकडे नळ आहे. हे गाव माझ्या भरवशावर पाणी पितं, बाळा."

देवदत्त हसून म्हणाला, "रुचा, लिसन टू आजोबा. इथले कलेक्टर आहेत ते."

त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं गाव माझं पाणी प्यालं, पण माझ्याकडे टक लावून कुणी पाहिलं नव्हतं. आणि संध्या? ती संध्याकाळी मोटारी निघून गेल्यावरही मोकळी बरणी मांडीवर घेऊन बराच वेळ हसत बसली होती.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात पाऊस रुसला. आजूबाजूच्या गावांचे तलाव आटले. माझं पाणी तेरा फुटांवर आलं. त्र्यंबकने तक्ता पाहून गावच्या सभेत सांगितलं, "अजून ऐंशी दिवस पुरेल." साठाव्या दिवशी पाऊस आला तेव्हा बरोबर तक्त्याप्रमाणे वीस दिवसांचं पाणी माझ्यात शिल्लक होतं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. नगराध्यक्ष मिसेस ग्रिग्ज यांनी त्र्यंबकचा हात हातात घेऊन आभार मानले. त्या दिवसापासून त्याचा तक्त्यावर देवासारखा विश्वास बसला.

त्या कार्तिकात आवळीभोजनाला सत्तर माणसं आली. जेवण झाल्यावर देवदत्तने ओकच्या मागे चढत गेलेल्या डोंगराकडे बोट दाखवलं. "काका, ही जमीन कुणाची? इथे प्लॉट मिळतील का? वीकएंड होम बांधू. रिटायर झाल्यावर इथेच राहू सगळे."

डोंगराचा मालक नुकताच वारला होता आणि त्याच्या मुलांना डोंगर विकायचाच होता. एक बांधकामवाला पुढे आला. पण तो उतार माझ्या पाणलोटाचा होता. तिथे पडलेला थेंब न् थेंब माझ्यात उतरत असे. त्यामुळे घरांना परवानगी द्यायच्या आधी गावाने सभा घेतली. मिसेस ग्रिग्जनी त्र्यंबकला विचारलं, "तलावाला धोका आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही नाही म्हणू."

माझं सगळं भवितव्य त्या एका उत्तरावर होतं. आदल्या दिवशी तो बांधावर येऊन उभा राहिला होता. डोंगराकडे पाहून मला म्हणाला, "शिकलेली माणसं आहेत रे. इंजिनिअर, डॉक्टर. आपल्याकडे हंडाहंडाभर पाण्यासाठी वणवण पाहिलेली. ती कशाला तुझं वाईट करतील?" मग हळूच म्हणाला, "आणि संध्याला जरा सोबत होईल."

सभेत त्याने सांगितलं, धोका नाही.

मित्रांनो, मला त्याचा राग येत नाही. पाण्यात लहान मुलीचं पाऊल पडू न देणारा तो माणूस. त्याने आख्खा डोंगर माझ्यात येऊ दिला, आणि तो कशासाठी, तर बायकोला बोलायला कुणी असावं म्हणून. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

२००४ च्या वसंतात डोंगरावर यंत्रं आली. दोन महिन्यांत ओक गेले, मेपल गेले. ज्या फांदीला बरणी टांगली होती, तीही गेली. झाडांखालची माती तांबडी आणि पिठासारखी बारीक होती. ती अडवायला बांधकामवाल्याने काळ्या कापडाचं गुडघाभर कुंपण लावलं. सप्टेंबरात लागोपाठ दोन मोठी वादळं आली. पहिल्या वादळात ते कापड वाहून गेलं. दुसऱ्यात डोंगराची कातडीच सोलून निघाली. तीन दिवस माझ्यात पाणी कमी आणि चिखल जास्त येत होता. मी तांबडालाल झालो. त्र्यंबक छत्री घेऊन बांधावर उभा होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बसेल, बसेल खाली. पाणी निवळेल."

पाणी निवळलं, हे खरं. आठवड्याने मी पुन्हा निळा दिसायला लागलो. पण माती गेली कुठे? ती माझ्या तळाशी जाऊन बसली. वरून पाहणाऱ्याला काही कळत नव्हतं. पट्टी पूर्वीसारखीच बावीस फूट दाखवत होती. पाण्याची उंची तीच होती, फक्त खालचं पोट भरून आलं होतं. पुढची दोन वर्षं घरं बांधली जात होती आणि प्रत्येक पावसात आणखी माती येत होती.

घरं झाली. एकेचाळीस घरं. वस्तीच्या तोंडाशी 'लेक व्ह्यू' असं लिहिलेला दगड बसला. शनिवार-रविवारी त्या घरांतून फोडणीचा वास यायचा, अंताक्षरी चालायची. संध्याने पहिल्यांदाच हळदीकुंकू केलं आणि तेवीस बायका आल्या. नंतर ती त्र्यंबकला म्हणाली, "आज माझं तोंड दुखतंय बोलून बोलून." तिचं ते सुख मी पाहिलं आहे, म्हणून घरांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही.

मग २००७ साल उजाडलं. वसंतात पाऊस नाही, उन्हाळ्यात नाही. ऑगस्टमध्ये पट्टी सोळा फुटांवर आली. शेजारच्या तालुक्याकडून तातडीने पाइप टाकून घ्यावा की थांबावं, असा प्रश्न गावापुढे पडला. मिसेस ग्रिग्जनी विचारलं, "किती दिवस?"

त्र्यंबकने तक्ता पाहिला. "एकशे दहा."

गाव निश्चिंत झालं. पाइपचं काम पुढे ढकललं. कुंड्यांना, हिरवळीला पाणी घालू नका, एवढंच सांगितलं.

त्या संध्याकाळी संध्या त्याच्याबरोबर बांधावर आली होती. माझ्या वरच्या टोकाला तांबडी जमीन उघडी पडून तडकली होती. ती बघून म्हणाली, "अहो, मागच्या दुष्काळात पाणी याच्याहून खाली गेलं होतं ना? तेव्हा नव्हतं हो एवढं कोरडं दिसत."

"पट्टी सोळा दाखवतेय."

"पट्टी वरचं दाखवते. तुमच्या गावच्या विहिरीत तुम्ही दोरीला दगड बांधून सोडायचात ना, किती ओली झाली बघायला? तसा सोडून बघा की एकदा."

त्र्यंबक जरा चिडलाच. "ते खेडं होतं, संध्या. इथे सर्व्हे करून छापलेला तक्ता आहे. अमेरिकन लोकांनी केलेला. दगड कसले सोडतेस!"

"बरं बाई, राहिलं," ती म्हणाली. "मी आपली अडाणी."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, ऐक रे तिचं! पण तलावाला आवाज कुठला?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी शुद्धीकरणाच्या खोलीतले पंप घरघरले आणि नळाला तांबडं पाणी आलं. पट्टी अजून नऊ फूट दाखवत होती. तक्त्याप्रमाणे पन्नास दिवस बाकी होते. त्र्यंबक धावत आला. पट्टीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग घरी जाऊन कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली, तिला दगड बांधला आणि संध्याला घेऊन होडीत बसला.

माझ्या मधोमध, जिथे नऊ फूट पाणी असायला हवं होतं, तिथे त्याने दगड सोडला. दगड मऊ चिखलात रुतला. दोरी वर ओढली तर अडीच फूट ओली.

"इथे उंचवटा असेल," तो म्हणाला. "पुढे चल."

पुढे दोन फूट. त्याच्या पुढे पावणेतीन. सात ठिकाणी दगड सोडून झाला. वल्ही संध्याच्या हातात होती. शेवटी तीच म्हणाली, "पुरे आता."

"अजून एकदा बघू."

"पुरे म्हणते ना. द्या ती दोरी इकडे."

त्या दुपारी तो सभेत उभा राहिला. मिसेस ग्रिग्जनी तोच प्रश्न विचारला, "किती दिवस?"

"नऊ," त्र्यंबक म्हणाला. "चूक माझी आहे. मी तळ बघितला नाही. डोंगरावर घरं होऊ दिली तीही मीच."

कुणी त्याला शिवी दिली नाही. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. लोक खुर्च्या सारून मुकाट्याने उठले आणि बाटल्या विकत घ्यायला गेले. शाळा बंद झाली. दवाखान्यासाठी टँकर आले. दहाव्या दिवशी एकोणसत्तर वर्षांत पहिल्यांदा माझ्यातून एक थेंबही गावाला गेला नाही.

त्र्यंबकने तरी हात टेकले नाहीत. माझ्या उघड्या पडलेल्या तळात उभा राहून त्याने कॅरीला फोन लावले. "श्रमदान करू. आपल्याकडे गावोगाव तलावांतला गाळ काढतात तसा काढू. फावडी घेऊन या."

देवदत्त म्हणाला, "काका, सॅटर्डेला रुचाचं स्विमिंग असतं. पण ते कॅन्सल केलं समजा. येतो आम्ही."

सत्तर माणसांना सांगितलं होतं, अकरा आली. मला ती अकरा फार वाटली. कादंबरी रबरी बूट घालून चिखलात उतरली. देवदत्तच्या तळहाताला फोड आले. दुपारपर्यंत त्यांनी बांधाशेजारी माणसाच्या छातीएवढा ढीग रचला. तेवढ्यात गावचा कारकून कागद घेऊन आला. कुणी घसरून पडलं तर विमा भरून देणार नाही, तेव्हा तळात उतरायला सर्वांना मनाई आहे, असं गावच्या वकिलाने लिहिलं होतं.

"अहो, आम्ही आमच्या खुशीने करतोय," त्र्यंबक म्हणाला.

"सॉरी सर," कारकून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

मंडळी बूट धुवून परत गेली. ढीग तिथेच राहिला. हिवाळ्यात थोडा पाऊस झाला तेव्हा ती माती ओघळत पुन्हा माझ्यात आली.

हिवाळ्यात शेजारच्या तालुक्याच्या मोठ्या सरोवरापासून पाइप आला. मग तपासनीस येऊन म्हणाले, बांध जुना झाला आहे, पाणी प्यायला लागत नाही, तर धोका कशाला ठेवायचा? गाळ काढावा, बांध राखावा, असं एकट्या त्र्यंबकने सभेत मांडलं. बाकी सगळे हात विरुद्ध वर झाले. मला त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी नऊ दिवस पाहिले होते.

२००८ च्या उन्हाळ्यात 'लेक व्ह्यू'मधल्या निम्म्या घरांपुढे विकायची पाटी लागली. कुणाची नोकरी गेली, कुणाला आता पाणीच दिसणार नसेल तर घर कशाला, असं वाटलं. कादंबरी निघताना संध्याच्या गळ्यात पडून रडली. "काकू, तुम्हीच कॅरीला या ना आमच्याकडे." संध्या म्हणाली, "येऊ, येऊ," आणि दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

परवा माझ्या तळातला लोखंडी दरवाजा उघडला. तो गंजला होता, त्याचं चाक कसं फिरवायचं ते एकट्या त्र्यंबकलाच ठाऊक होतं. नोकरीतलं ते त्याचं शेवटचं काम. त्याने चाकाला दोन्ही हात लावले. मला म्हणाला, "क्षमा कर म्हणायला तोंड नाही रे." मग चाक फिरवलं. पाणी निघालं ते दिवसभर जात राहिलं. मासे चिखलात तडफडले आणि बगळ्यांची चंगळ झाली. संध्या डबा घेऊन आली होती. दोघांनी तो उघडला नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावाला कुठला तरी तलाव, विहीर किंवा ओढा पाणी पाजत असेल. त्याचं कौतुक जरूर करा. पण त्याच्या वरचा डोंगर कुणी मागितला, तर मागणारा कितीही आपला असो, नाही म्हणा. आणि पाणी वरून निळं दिसतं म्हणून गप्प बसू नका. वर्षातून एकदा तरी त्याच्या तळाला हात लावून पाहा. माझ्यासाठी हे सांगत नाही. माझी वेळ गेली.

आज सकाळी बांध फोडायचं यंत्र आलं आहे. यंत्राजवळ माणसं नकाशा उलगडून उभी आहेत. बांध गेल्यावर माती वाहून जाऊ नये म्हणून माझ्या सगळ्या तळात गवत पेरायचं ठरलं आहे. एकाने विचारलं, पाऊस नाहीच आला तर या गवताला पाणी कुठून घालायचं? दुसऱ्याने सवयीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्याने नकाशा मिटला.